मोटार विकत घेण्यापूर्वी

माणिकगडच्या पहाडावर, म्हणजे आमच्या जिवती तालुक्यात, ज्या घरी चार पैसे गाठीला बांधले गेले त्या घरी हल्ली पहिला विचार मोटारीचा होतो. यात आम्हांस वावगे असे काहीच दिसत नाही. आगगाडीचे रूळ पहाड चढून येत नाहीत, एस. टी. ठराविक वेळी येते आणि ठराविक गावांपर्यंतच जाते. तेव्हा गडचांदूर, राजुरा किंवा चंद्रपूर गाठावयाचे तर घरचे वाहन असणे ही काही चैन नव्हे. आम्हांस आश्चर्य वाटते ते खरेदीच्या तऱ्हेचे. बैल घ्यावयाचा झाला तर आमचा शेतकरी त्याचे दात पाहतो, खूर पाहतो, जुंपून पाहतो आणि चार जाणत्यांचा सल्ला घेतो. मोटार घ्यावयाची झाली म्हणजे तोच चतुर गृहस्थ शहरातील दुकानाच्या गुळगुळीत फरशीवर उभी असलेली गाडी पाहतो, मुलाच्या आवडीचा रंग पसंत करतो आणि तासाभरात कागदांवर सह्या करून मोकळा होतो! जाहिरातीत ती गाडी वाळवंटातून धूळ उडवीत जाताना त्याने पाहिलेली असते. पहाडावर वाळवंट नाही, चिखल आहे, हे त्या घटकेस कोणाच्या ध्यानी येत नाही.

जीप हा शब्द आता मराठीच होऊन गेला आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याकरिता निर्माण झालेली ही गाडी १९४७ पासून मुंबईस सुटे भाग जोडून तयार होऊ लागली. ते काम हाती घेणाऱ्या महिंद्रा कंपनीची बोलेरो २००० साली बाजारात आली आणि आज आमच्या भागातील लहान मुलासही ती नुसत्या आवाजावरून ओळखता येते. जीपच्या या घराण्याच्या आता दोन शाखा झाल्या आहेत. एक शाखा बंद डब्याची, माणसे वाहणारी. तिला हल्ली एसयूव्ही म्हणतात. बोलेरो, स्कॉर्पिओ, थार, फोर्स कंपनीची गुरखा, मारुतीची जिम्नी या त्यांतल्या. दुसरी शाखा मागे उघडा हौदा असलेली, ती पिकअप. पिकअपमध्येही पुन्हा दोन थर आहेत : एक बोलेरो पिकअप, बोलेरो कॅम्पर, टाटा योद्धा अशा कष्टकरी गाड्यांचा, आणि दुसरा इसुझू व्ही-क्रॉस, टोयोटा हायलक्स अशा ऐटदार, दुहेरी केबिनच्या गाड्यांचा. यांतली कोणती घ्यावी, हा प्रश्न पालकमंडळी आम्हांस वारंवार विचारतात, आणि विद्यार्थी तर त्यावर मधल्या सुट्टीत हमरीतुमरीवर येतात. म्हणून त्यासंबंधीचे आमचे मत येथे मांडीत आहो.

आमच्या वाडवडिलांस असा प्रश्न पडत नसे. घरी बंडी असे ती मालाकरिता, आणि ज्यास ऐपत असे त्याच्या घरी रेंगी असे ती माणसांकरिता. बंडी मजबूत, जड आणि खडखडणारी. रेंगी हलकी आणि चपळ. एकीचे काम दुसरीकडून कोणी करून घेत नसे, आणि घेतलेच तर लोक हसत. आज एकाच गाडीने कापसाचे गाठोडे, खताची पोती, आजारी आजी आणि शाळेत जाणारी चार मुले असे सर्व वाहावे अशी अपेक्षा असते. घोटाळ्याचा उगम येथेच आहे. म्हणून आमचे पहिले सांगणे असे की, गाड्यांची तुलना करण्यापूर्वी आपल्या घरच्या वर्षाची तुलना करावी : वर्षातील किती दिवस माल वाहावयाचा, किती दिवस माणसे, आणि त्यांपैकी किती दिवस पावसाचे.

पहाडाच्या भूमीचे थोडे वर्णन करणे अवश्य आहे. डांबरी सडक सोडून शेताकडे किंवा गुड्याकडे वळले की पुष्कळ ठिकाणी काळी माती लागते. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. मृगाचा पाऊस पडला की ती फुगते आणि चिकटते. या मातीत गाडी रुतते ती बहुधा इंजिनाच्या दुबळेपणामुळे नव्हे. टायरच्या खाचा मातीने बुजतात, टायर लोण्यासारखा गुळगुळीत होतो, आणि मग शंभर घोड्यांचे बळ असले तरी ते जागच्या जागी फिरण्यात खर्ची पडते. यावरून एक गोष्ट उघड होते. दुकानातून बाहेर पडणाऱ्या बहुतेक गाड्यांस सडकेवर धावण्याजोगे टायर असतात. रुंद व खोल खाचांचे टायर घातलेली साधी, केवळ मागच्या चाकांनी ढकलली जाणारी गाडी पुष्कळ वेळा सडकी टायरांच्या फोर बाय फोर गाडीपेक्षा पुढे जाते. टायर बदलावयास काही हजार रुपये पडतात. फोर बाय फोरकरिता लाख-दीड लाख अधिक मोजावे लागतात. विक्रेता आधी कशाची स्तुती करील हे सांगावयास ज्योतिषी नको.

याचा अर्थ फोर बाय फोर निरुपयोगी आहे असा मात्र नव्हे. तिची रचना काय असते हे आमच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांस समजावे म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. गाडी वळण घेते तेव्हा बाहेरच्या चाकास आतल्या चाकापेक्षा अधिक अंतर कापावे लागते. दोन्ही चाके एकाच दांड्यास घट्ट बांधलेली असती तर एक फरफटत गेले असते. म्हणून दोहोंच्या मध्ये डिफरेन्शियल नावाची दात्यांची पेटी बसवितात. ती प्रत्येक चाकास आपापल्या वेगाने फिरू देते. परंतु या सोयीतच एक गैरसोय दडलेली आहे. एक चाक चिखलात असून दुसरे खडकावर असेल, तर चिखलातले सैल चाक गरगर फिरते आणि खडकावरचे चाक, ज्याच्या जोरावर गाडी निघाली असती, स्वस्थ बसते. फोर बाय फोर केल्याने पुढच्या चाकांसही शक्ती मिळते. तथापि पुढचे एक व मागचे एक अशी दोन चाके सैल जागी सापडली तर गाडी पुन्हा अडते. यावर उपाय म्हणजे डिफरेन्शियलचे कुलूप. गुरखेत असे कुलूप पुढे व मागे दोन्हीकडे असून चालकाच्या हाती असते. थारच्या काही प्रकारांत मागच्या बाजूस आपोआप लागणारे असते. जिम्नीत कुलूप नसून सैल चाकास ब्रेक लावून तोच हेतू साधला जातो. तेव्हा ‘फोर बाय फोर आहे’ एवढ्याने समाधान न मानता ‘कुलूप आहे काय, आणि माझ्या किंमतीच्या प्रकारात आहे काय’ हे विचारावे.

दुसरी कळ ‘फोर लो’ची. तिने गाडी बैलाच्या चालीने चालते, पण चाकांवरचा जोर कितीतरी वाढतो. आमच्या दृष्टीने तिचा खरा उपयोग चढण्यापेक्षा उतरण्यात आहे. ओला, घसरडा उतार इंजिनाच्या रोधावर हळूहळू उतरता येतो, आणि ब्रेक तापत नाहीत. कोरड्या डांबरावर मात्र या गाड्यांत फोर बाय फोर लावून फिरू नये. वळणावर दात्यांस पीळ पडून पेटी खराब होते. आणखी एक गोष्ट तरुण मंडळींनी नीट ध्यानात धरावी. चारही चाकांस शक्ती मिळाल्याने गाडी निघते लवकर, थांबत मात्र लवकर नाही. ब्रेक तर पूर्वीपासून प्रत्येक मोटारीच्या चारही चाकांस आहेतच. घाटात वेगाने उतरणाऱ्या थारेस तिची ऐट वाचवीत नाही.

उंचीचे आकडे विक्रेत्याच्या पत्रकात ठळक अक्षरांत असतात. बोलेरोचे पोट जमिनीपासून १८० मिलिमीटर, जिम्नीचे २१०, थारचे २२६, गुरखेचे २३३. आकडे खरे आहेत. पण केवळ उंचीवर सर्व भिस्त ठेवू नये. पुढच्या व मागच्या चाकांत जितके अंतर अधिक तितके मधले पोट उंचवट्यावर टेकण्याचा संभव अधिक. थारेत हे अंतर २४५० मिलिमीटर आहे, तर हायलक्समध्ये ३०८५. म्हणजे जी बांधबंदिस्ती थार सहज ओलांडते तेथे पुष्कळ अधिक किंमतीची हायलक्स पोट घासते. शिवाय हायलक्सची एकूण लांबी सव्वापाच मीटरांहून अधिक. गुड्याच्या वाटेवर समोरून बंडी आली तर मागे कोणी सरावयाचे, हा प्रश्न उभा राहतो. बंडी मागे सरत नाही.

पाण्याविषयीही दोन शब्द. थार ६५० मिलिमीटर आणि गुरखा ७०० मिलिमीटर पाण्यातून जाते असे त्यांचे निर्माते सांगतात. ते माप संथ पाण्याचे आहे. वाहते पाणी दोन फूट झाले की जीप काय आणि पिकअप काय, उचलून बाजूस सारते. वर्धेला पूर येऊन राजुरा-बल्लारपूर रस्ता बंद झाला, किंवा गडचिरोलीकडे भामरागडजवळ पर्लकोटेचे पाणी चढले, म्हणजे सर्व कंपन्यांच्या सर्व गाड्या एकाच रांगेत उभ्या राहतात. नाल्याच्या काठी थांबून दोन तास वाट पाहणे हे ज्यास कमीपणाचे वाटते त्याने गाडी घेऊच नये.

आता पिकअपकडे वळू. कष्टकरी पिकअपच्या मागे पाट्यांची जाड कमान असते. ती टनभर वजनाखाली शांत राहते, आणि गाडी रिकामी असली म्हणजे प्रत्येक खड्ड्यात उडी मारते. रिकाम्या पिकअपच्या मागच्या चाकांवर भार नसल्यामुळे ती ओल्या चढावर घसरते, म्हणून जाणते चालक हौद्यात वाळूची दोन पोती टाकून ठेवतात. हे सर्व दोष त्या गाडीच्या धर्माचेच आहेत. बंडी खडखडते म्हणून कोणी रागावत नाही. बोलेरो कॅम्पर ही मध्यम मार्गाची गाडी आम्हांस पहाडास विशेष मानवणारी वाटते : दुहेरी केबिन, टनभर माल, आणि हवी असल्यास फोर बाय फोर. ऐटदार पिकअप दिसावयास थोर. परंतु तिच्या नोंदपुस्तकातील रिकामे वजन व भरलेले वजन यांची वजाबाकी करून पाहिली तर तिला अधिकृतपणे वाहता येणारा माल कॅम्परपेक्षा पुष्कळ कमी निघतो. ऑस्ट्रेलियात २०१६ पासून २०२२ पर्यंत हायलक्सचा खप सर्व मोटारींत अव्वल होता व २०२३ साली तो मान फोर्डच्या रेंजर पिकअपने घेतला, हे खरे. तेथील रस्ते, पगार व अंतरे यांचा विचार करता ते योग्यही असेल. हायलक्सच्या किंमतीत येथे दोन बोलेरो येऊन वर काही शिल्लक राहते.

ज्या एका कारणास्तव आम्ही हा लेख लिहावयास घेतला ते आता सांगतो. पिकअपच्या हौद्यात माणसे बसतात. कापूस वेचणीच्या दिवसांत मजूर बसतात, लग्नसराईत वऱ्हाड बसते, बाजाराच्या दिवशी बायाबापड्या बसतात, आणि सकाळी दप्तरे घेतलेली मुलेही उभी असतात. यात कोणाचा दुष्ट हेतू नसतो; दुसरे वाहन नसते आणि शेजाऱ्यास नाही म्हणवत नाही. पण घरच्या कर्त्या पुरुषाने गाडी घेण्यापूर्वी हे जाणून घ्यावे की, मालवाहू गाडीचा विमा मालाबरोबर जाणाऱ्या मालकास किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीस लागू होतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात १९९४ साली दुरुस्ती झाली तेव्हा एवढेच संरक्षण वाढले. हौद्यात फुकट वा भाडे देऊन बसलेल्या उतारूची जबाबदारी विमा कंपनीवर नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली दिला. पुढे काही खटल्यांत न्यायालये कंपनीस भरपाई आधी द्यावयास सांगतात हे खरे. परंतु मग ती रक्कम कंपनी गाडीच्या मालकाकडून वसूल करते. म्हणजे घाटात गाडी उलटली तर ज्यांची माणसे गेली त्यांचे घर बुडते आणि ज्याने माणुसकीने बसवून घेतले त्याचेही घर बुडते. हौद्याला पट्टे नाहीत, छत नाही, कठडा कंबरेइतकाही नाही. भारत सरकारने ऑक्टोबर २०२३ पासून मोटारींस सुरक्षिततेचे तारे देण्यास आरंभ केला, ती परीक्षाही केवळ माणसे वाहणाऱ्या गाड्यांची आहे. मालवाहू पिकअप तिच्यात बसत नाही. पांढऱ्या पाटीच्या जीपमध्ये भाड्याने उतारू भरणारे या बाबतीत अधिक सुरक्षित आहेत असेही समजू नये. खाजगी गाडी भाड्याने चालविली म्हणजे विम्याची अट मोडते.

म्हणून ज्या घरी शाळेत जाणारी मुले आहेत, आजारी वडीलमाणूस आहे, आणि माल वर्षातून दोन-तीन महिनेच वाहावयाचा आहे, त्या घराने पिकअपच्या मोहात पडू नये असे आमचे स्पष्ट मत आहे. कापसास भाड्याची गाडी मिळते. रात्री दोन वाजता बाळंतपणाच्या वेणा सुरू झालेल्या सुनेस भाड्याची गाडी मिळतेच असे नाही. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २०१४ पासून महाराष्ट्रात आहे आणि तिचे उपकार मोठे आहेत; तथापि कोलामांच्या काही गुड्यांपासून तिच्यापर्यंत पोहोचावयासच पावसाळ्यात खाट खांद्यावर घ्यावी लागते. अशा घरी बोलेरोसारखी साधी, टणक, बंद डब्याची गाडी व चांगले टायर पुरेसे आहेत. ज्यांस व्यवसायामुळेच गुड्यागुड्यांत जावे लागते, असे वैद्य, परिचारिका, वनखात्याचे लोक, त्यांनी जिम्नी, थार किंवा गुरखा पाहावी. यांत जिम्नी सर्वांत हलकी आहे, आणि हलकेपणा चिखलात मोठा गुण ठरतो. ताडोब्यात पर्यटकांस घेऊन फिरणारी जुनी जिप्सी, जी १९८५ साली प्रथम आली, तिचे नाव अद्याप निघते ते याच गुणामुळे. ज्यांचे पोट मालावरच आहे, दुकानदार, भाजीवाले, मोठे शेतकरी, त्यांनी पिकअप घ्यावी, पिवळी पाटी लावावी, तिच्या योग्यतेचे प्रमाणपत्र पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी व पुढे दरवर्षी घेण्याची तयारी ठेवावी, आणि हौद्यात माणूस चढू देऊ नये. साडेसात टनांपर्यंतची अशी गाडी हलक्या मोटारीच्या परवान्यावर चालविता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कायम केले आहे. त्याकरिता दलालास पैसे देऊ नयेत. अठरा वर्षांखालील मुलाच्या हाती गाडी दिल्यास २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे पालकास पंचवीस हजार रुपये दंड व तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, हे आमच्या नवव्या-दहाव्या इयत्तेच्या वीरांनी घरी वाचून दाखवावे.

दुरुस्तीचा विचार बहुधा सर्वांत शेवटी होतो. तो पहिला व्हावा. एप्रिल २०२० पासून नव्या डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडविणारी गाळणी असते. ती साफ होण्यास गाडी अधूनमधून सलग व बऱ्या वेगाने चालवावी लागते. जो मनुष्य रोज घरापासून शेतापर्यंत दोन कोस गचके खात जातो त्याची गाळणी तुंबते, फलकावर दिवा लागतो आणि गावचा मिस्त्री, ज्याने जुनी जीप डोळे मिटून उघडली असती, हात जोडतो. कारण त्या रोगाचे निदान पान्याने होत नाही, संगणकाने होते. कोणत्या गाडीचे सुटे भाग गडचांदुरास मिळतात, कोणत्यासाठी चंद्रपूर आणि कोणत्यासाठी नागपूर गाठावे लागते, हे त्या गाडीच्या चार मालकांस विचारून यावे.

पैशासंबंधी थोडक्यात. सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरांच्या आतील व १५०० घनसेंटिमीटरपर्यंतच्या डिझेल इंजिनाच्या मोटारींवर जीएसटी १८ टक्के आहे, आणि मोठ्यांवर ४० टक्के. पेट्रोलकरिता ही मर्यादा १२०० ची आहे. म्हणून जिम्नी लहान असूनही ४० टक्क्यांत जाते आणि बोलेरो १८ टक्क्यांत राहते. मालवाहू गाड्यांवर १८ टक्के आहे. पण करापेक्षा व्याज भारी. दहा लाखांचे कर्ज दहा टक्क्यांनी पाच वर्षांकरिता घेतले तर महिन्यास २१,२४७ रुपये हप्ता पडतो आणि एकंदर पावणेतीन लाख व्याज जाते. हप्ता दरमहा येतो. कापूस दरमहा येत नाही. जिवती तालुक्यात जमिनीच्या पट्ट्यांचा प्रश्न वर्षानुवर्षे लोंबकळत राहिल्याने पुष्कळांस बँक उभे करीत नाही, आणि ते खाजगी सावकारी कंपन्यांकडे अधिक व्याजाने जातात. आषाढ-श्रावणात, जेव्हा घरात दाणा कमी आणि बी-खताचे देणे अधिक, तेव्हाचे तीन हप्ते कोठून भरावयाचे हे लिहून काढल्याखेरीज सही करू नये. बुरूज बांधू पाहणाऱ्याने आधी बसून खर्चाचा हिशेब करावा हा प्रभू येशूचा दृष्टांत आमचे विद्यार्थी लूकच्या शुभवर्तमानातून शिकतात. तो हप्त्यांच्या मोटारीस तंतोतंत लागू पडतो.

इतके सर्व पाहून एखादी गाडी मनास आलीच, तर विक्रेत्यास चंद्रपूरच्या सडकेवर फेरी मारावयास सांगू नये. गाडी पहाडावर मागवावी, तीही शक्य तर पावसाळ्यात. आपल्या शेताची वाट दाखवावी, आणि घरात जितकी माणसे आहेत तितकी आत बसवावी. आजीबाईंस अवश्य न्यावे. त्या गाडीची पायरी किती उंच आहे आणि मागच्या आसनावर गुडघे कोठे लागतात, हे कोणत्याही पत्रकात लिहिलेले नसते. त्या बसल्या बसल्या सांगतील.